विनयाबाईंच्या चौदा दाढ्या

विनयाबाई आढाव आमच्या समोरच्या दारात राहायच्या. मयूर विहारची आमची सोसायटी तेव्हा नवी होती. लिफ्टचे खड्डे तयार होते, पण लिफ्ट यायची होती, आणि गच्चीवर जेवढी माणसं दिसत त्याहून जास्त केबलच्या वायरी दिसत. माझा नवरा गौरव नोएडातल्या एका कॉम्प्युटर कंपनीत लागला म्हणून आम्ही पुण्याहून आलो होतो. विनयाबाई मूळच्या नगरच्या, पाळकांच्या घरातल्या. पण दिल्लीत त्यांना तीस वर्षं होत आली होती, आणि त्यातली सव्वीस हिंदूराव हॉस्पिटलात सिस्टर म्हणून गेली होती. निवृत्त झाल्या तरी त्यांच्यातली सिस्टर काही निवृत्त झाली नव्हती. भाजीवाला खोकला तरी त्या त्याला जीभ दाखवायला लावत.

पूर्व दिल्लीतली मराठी ख्रिस्ती मंडळी महिन्यातून दोनदा एका शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमायची. तिथली मुलांची रविवारची शाळा विनयाबाईंकडे होती. एकोणीस मुलं, आणि विनयाबाई ती वॉर्डासारखी चालवायच्या. आधी नखं, मग प्रार्थना, मग गोष्ट. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, ही मुलं येशूच्या शेवटच्या आठवड्याचं नाटक करत. बारा वर्षं तेच नाटक, तेच कपडे.

अठ्ठ्याण्णव साली मात्र घोळ झाला, आणि तो एका शब्दावरून.

शेवटच्या भोजनाचा प्रवेश बसवताना विनयाबाई म्हणाल्या, "येशू शिष्यांबरोबर वल्हांडणाचं भोजन करतो." त्यावर साकेत नावाच्या मुलाने हात वर केला.

"मिस, वल्हांडण मतलब? हांडी बिर्याणी?"

"नाही रे. वल्हांडण म्हणजे ओलांडणं."

मुलांना ओलांडणंही कळलं नाही. दिल्लीत वाढलेली मुलं, घरी मराठी बोलत, पण अर्धे शब्द वाटेत सांडलेले. विनयाबाईंनी मग सगळी कथा सांगितली. इस्राएली लोक मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते. मरण त्यांच्या घरांची दारं सोडून पुढे गेलं, आणि ते सुटले. त्या सुटकेचा हा सण.

"अच्छा, ओव्हरटेक!" साकेत म्हणाला.

"हो, ओव्हरटेक," विनयाबाई थकून म्हणाल्या.

पण मयुरा म्हणून एक मुलगी होती, नाटकात येशूची आई मरिया व्हायची. तिचं समाधान झालं नाही. "मग मिस, टेबलावर काय काय ठेवायचं? मागच्या वर्षी आपण ब्रिटानियाचा ब्रेड ठेवला होता."

विनयाबाईंना एकदम आठवलं की या सणाला खमीर घालून फुगवलेली भाकर चालतच नाही. बारा वर्षं त्यांच्या नाटकातला येशू चुकीचा पाव मोडत होता. "शोधून सांगते," त्या म्हणाल्या, आणि घरी येऊन माझ्यासमोर कपाळावर हात मारून घेतला.

शोध लागला तो मासळीच्या गाड्यावर.

आमच्याच जिन्यात तिसऱ्या मजल्यावर दिवेकर आबा राहायचे. रेल्वेत ड्राफ्ट्समन होते, निवृत्त. बायको वारलेली, मुलगा परदेशात. पाटीवर नुसतं 'ए. एस. दिवेकर'. गौरवच्या मते ते पक्के कोकणस्थ. मला शंका होती, कारण ते मासे खात. पण कोकणातला माणूस असून कोळंबीला शिवत नसत, हे त्याहून मोठं कोडं. त्यांच्या दाराच्या चौकटीवर एक पितळी नळी तिरकी ठोकलेली होती. ती बंद पडलेली बेल असावी असं समजून मी दोनदा दाबूनही पाहिली होती. शिवाय दर एप्रिलला ते घरातली बिस्किटं, ब्रेड, शेवया असं सगळं पिशवीत भरून मला आणून देत. मला वाटे, डायबेटिस असेल, वर्षातून एकदा मनावर घेत असतील.

त्या रविवारी विनयाबाई आणि मी गाड्यावर होतो. मासेवाला बंगाली होता. आबा आले, आणि त्याने न विचारताच सिंघाडा मासा बाजूला सारला.

"बाबूजी को छिलकेवाला ही चाहिए," तो आम्हाला म्हणाला. "झींगा नहीं, सिंघाड़ा नहीं, बाम नहीं. बस छिलका और पंख देखते हैं."

विनयाबाई जागच्या जागी थांबल्या. आबांनी रोहूचे खवले नखाने उचलून पाहिले, कल्ल्यापाशी पंख पाहिला, मान डोलवली. विनयाबाईंनी लहानपणी वडिलांच्या धाकाने बायबलातला मोशेचा नियम अख्खा पाठ केला होता. पाण्यातलं खवले आणि पंख असलेलंच खावं, बाकी खाऊ नये, हे त्यांना रुग्णाच्या औषधासारखं तोंडपाठ होतं. फक्त तो नियम पाळणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

जिना चढताना त्यांनी माझा दंड धरला. "प्रणिता, हा माणूस कोकणस्थ नाही."

"मग?"

"हा माणूस यहुदी आहे!"

संध्याकाळी त्यांनी सरळ आबांचं दार वाजवलं. मला साक्षीदार म्हणून नेलं होतं. आबांनी दार उघडताच विनयाबाईंनी नमस्कार नाही की काही नाही, विचारलं, "आबा, तुमचं पूर्ण नाव काय?"

"अब्राहम सॅम्युएल दिवेकर," आबा म्हणाले. "का? मतदार यादी आलीय का?"

ते बेने इस्राएल निघाले. कोकणातले मराठी ज्यू. पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. आबांचं बालपण रेवदंड्याला गेलेलं. दारावरची नळी बेल नव्हती, तिच्यात धर्मवचन लिहिलेली गुंडाळी होती, आणि एप्रिलची पिशवी वल्हांडणाआधी घरातलं खमीर काढून टाकण्यासाठी होती.

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"लपवलं कुठे? कुणी विचारलंच नाही. आणि दिल्लीत सांगायला गेलं की अर्धा तास जातो. यहुदी? मतलब पारसी? नहीं? तो ईसाई? मग मी म्हणतो, दिवेकर. लोक म्हणतात, अच्छा, महाराष्ट्रियन! आणि चहा येतो."

विनयाबाईंनी आपली अडचण सांगितली. आबा खूश झाले. टेबलावर काय हवं ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं: कडू पाला, खजुराचं वाटण, मिठाचं पाणी, भाजलेलं हाड, उकडलेलं अंडं आणि बेखमीर भाकर. द्राक्षारसाऐवजी त्यांच्याकडे काळे मनुके भिजवून केलेलं सरबत असे.

"मनुके?" विनयाबाई म्हणाल्या. "आमच्या नगरच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला मनुक्यांचाच रस असायचा!"

"मग काय," आबा म्हणाले, "पाककृती कुठून आली असेल?"

पुढच्या शनिवारी नाही, कारण शनिवारी ते कुठे जात नसत, पण त्याच्या पुढच्या रविवारी आबा तालीम बघायला विनयाबाईंच्या घरी आले. कोरा चहा घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मी पडद्याची दोरी ओढायला होते. सुरुवातीला मुलं अशोकाची पानं हलवत येशूचं स्वागत करत 'होसान्ना' म्हणत होती. आबांनी हात वर केला.

"पोरांनो, तुम्ही कुठली भाषा बोलताय माहीत आहे का?"

"मराठी," मुलं म्हणाली.

"हिब्रू! होसान्ना म्हणजे आम्हाला वाचव. आमेन हिब्रू, हालेलुया हिब्रू. तुम्ही दर रविवारी माझी भाषा बोलता आणि मला पत्ताच नाही."

मुलं एकदम ताठ झाली. आपल्याला आणखी एक भाषा येते हे त्यांना आवडलं. नाटक पुढे सरकलं. भोजन झालं, बागेतली अटक झाली, आणि मग चौकशीच्या प्रवेशात पाच मुलं काळ्याभोर लांब दाढ्या लावून आली आणि येशूकडे बोट दाखवून ओरडू लागली. विनयाबाईंनी बारा वर्षांपूर्वी किनारी बाजारातून आणलेल्या रामलीलेच्या दाढ्या होत्या त्या. येशू झालेल्या समर्थला मात्र दाढी नव्हती, तपकिरी केसांचा टोप होता. शिष्य सगळे गुळगुळीत, पांढऱ्या चादरीतले.

प्रवेश संपला. आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"छान. मला एक सांगा, यात यहुदी कोण कोण आहेत?"

पाचही दाढ्यांनी हात वर केले.

"आणि तू?" त्यांनी समर्थला विचारलं.

"मी येशू."

"ते कळलं. पण लोकांपैकी कुठल्या?"

"ख्रिस्ती!" समर्थ म्हणाला. हे काय विचारणं झालं, असा त्याचा चेहरा.

"आणि पेत्र?"

"मी पण ख्रिस्ती, अंकल."

"आणि ह्या मरियाबाई?"

मयुराने जरा विचार केला. "कॅथलिक," ती म्हणाली.

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, विनयाबाईंनी पाठीवर थोपटलं, पाणी दिलं. डोळे पुसून ते म्हणाले, "अरे बाळांनो, ते दोन रोमन शिपाई सोडले तर या खोलीत सगळेच्या सगळे यहुदी आहेत. येशू बारा वर्षांचा असताना आईबापाबरोबर याच सणाला यरुशलेमला गेला होता. ख्रिस्ती हा शब्द तेव्हा कुणी ऐकलाही नव्हता."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. पेत्राने आपली हनुवटी चाचपली.

निघताना दारात आबा हळूच म्हणाले, "विनयाबाई, राग धरू नका. नाटक चांगलंय. फक्त एवढंच की माझ्या वडिलांना अगदी अशीच दाढी होती."

ते वर गेले. विनयाबाई एक दाढी हातात घेऊन सोफ्यावर बसल्या. त्यांचे यजमान राजीवकाका पेपर वाचत होते, त्यांनीही पेपर खाली ठेवला.

"मीच आणल्या होत्या गं," त्या मला म्हणाल्या. "मीच निवडल्या. दुकानदाराने विचारलं होतं, कुणासाठी? आणि मी म्हटलं होतं, व्हिलनसाठी."

"फेकून द्या मग," मी म्हटलं.

"फेकून? मग तर यहुदी कुणीच उरणार नाही!"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी किनारी बाजारात. एकोणीस मुलांतले दोन शिपाई आणि तिघी मुली सोडल्या तर चौदा जण उरत होते. दुकान तेच होतं, गल्ल्यावर आता दुकानदाराचा मुलगा होता.

"चौदा दाढ़ी दीजिए. काली, लंबी, सब एक जैसी."

"मैडम, रामलीला तो अक्तूबर में है."

"ये दूसरी लीला है."

"इसमें राक्षस कितने हैं?"

"एक भी नहीं," विनयाबाई म्हणाल्या. "सब घर के लोग हैं."

झावळ्यांच्या रविवारी हॉल भरला होता. मंडळीचे सचिव राजाभाऊ ओहोळ पहिल्या रांगेत. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर असलेला, शिस्तीचा माणूस. प्रार्थनेला उशीर झाला तर देवालाही मेमो देईल असा. पडदा उघडला आणि येशू आत आला, काळी दाढी. मागून शिष्य आले, काळ्या दाढ्या. मुलांची उंची सारखी, चादरी सारख्या, दाढ्या सारख्या. आयांना आपापली पोरं ओळखू येईनात.

बागेचा प्रवेश सुरू झाला. थर्माकोलच्या शिरस्त्राणातले दोन रोमन शिपाई आले. त्यांनी जोशात पुढे होऊन पहिल्या हाती लागलेल्या दाढीवाल्याला धरलं आणि ओढत न्यायला लागले.

"अरे, मी थोमा आहे!" तो ओरडला. "सोड ना यार!"

शिपाई गोंधळले. त्यांनी दुसऱ्याला धरलं. "मी पेत्र!" तोही सुटला. हॉल हसू लागला. शेवटी येशूला पकडून देणारा शिष्य यहूदा झालेला साकेत धावत आला, सगळ्यांच्या तोंडाकडे वाकून वाकून पाहिलं, समर्थच्या गळ्यात पडला आणि मोठ्याने म्हणाला, "वो नहीं भैया, ये वाला!"

राजाभाऊ सोडून सगळे हसले. मी दोरी ओढायच्या नादात विनयाबाईंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

नाटक संपल्यावर त्या स्वतः पुढे आल्या. "मला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मला कळत नव्हतं, त्याला पकडून द्यायला खूण कशाला लागली. यहूदाला मुका घेऊन दाखवावं का लागलं? तो वेगळा दिसत असता तर शिपायांना आपोआप कळलं असतं. आज पोरांनी दाखवलं. तो त्यांच्यातलाच होता, त्यांच्यासारखाच होता."

मागच्या रांगेत बसलेले आबा खाली बघत होते.

बाहेर राजाभाऊंनी गाठलंच. "ताई, दाढीचा मुद्दा मान्य. हसण्याचा नाही. आणि शुक्रवारचं काय ऐकतो मी?"

त्याचं असं झालं होतं की त्या वर्षी वल्हांडणाची संध्याकाळ नेमकी शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येत होती. आदल्या वर्षी दोन्ही सणांत तीन आठवड्यांचं अंतर होतं, कारण ज्यू पंचांगात अधिक महिना आला होता. यंदा दोन्ही एकाच दिवशी. आबा एरवी हुमायून रोडच्या सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जायचे, पण शुक्रवारी सूर्य मावळल्यावर शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा शनिवार, लागतो म्हणून ते वाहनात बसत नसत, आणि तिकडे ज्या मित्राकडे मुक्काम करायचे तो मित्र मुलाकडे इस्राएलला निघून गेला होता. म्हणजे आबा एकटेच. हे कळल्यावर विनयाबाईंनी परस्पर ठरवलं की आम्ही चौघं त्यांच्या घरी जाऊ.

"शुभ शुक्रवारी मेजवानी?" राजाभाऊ म्हणाले. "लोक उपास करतात त्या दिवशी!"

"मीही करणार आहे. बारा ते तीन उपासनेला पहिल्या रांगेत बसणार आहे. पण राजाभाऊ, त्या शुक्रवारी संध्याकाळी मरियेने काय केलं असेल, असा विचार कधी केलात? शब्बाथ लागत होता. घरात मरण झालं तरी दिवा लावलाच असेल ना तिने?"

राजाभाऊंनी चष्मा काढून पुसला आणि स्कूटरला किक मारली.

शुक्रवारी चार वाजता आम्ही आबांच्या स्वयंपाकघरात होतो. भाकरीचं काम निघालं. इस्राएलच्या वकिलातीतून आलेला बेखमीर भाकरीचा डबा आबांकडे होता, पण तो त्यांना पुठ्ठ्यासारखा लागे. त्यांची आई घरी करायची. नुसतं पीठ आणि पाणी, आणि पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत सगळं भाजून व्हायला हवं, नाहीतर खमीर धरलं असं समजायचं.

"पीठ, पाणी, पातळ लाटायचं, तव्यावर टाकायचं," विनयाबाई म्हणाल्या. "अहो आबा, हे तर फुलके!"

"फुलकेच. पण घड्याळ लावून."

राजीवकाका मनगटावरचं घड्याळ काढून ओट्याशी उभे राहिले. विनयाबाई मळत होत्या, मी लाटत होते, गौरव भाजत होता. "नऊ मिनिटं," राजीवकाका म्हणायचे. "बारा झाली. गौरव, तो कडेला कच्चा आहे." सतराव्या मिनिटाला शेवटचा फुलका तव्यावरून उतरला आणि विनयाबाईंनी ऑपरेशन यशस्वी झाल्यासारखा घाम पुसला.

सूर्य मावळायच्या आत आबांनी दिवे लावले. वडिलांचा फोटो भिंतीवर होता, दाढीवाला. मग त्यांनी पिवळी पडलेली पोथी उघडली, एका बाजूला हिब्रू, एका बाजूला मराठी. रिवाज असा की बसलेल्यांत जो सगळ्यात लहान असेल त्याने प्रश्न विचारायचे. लहान निघाले मी, एकतीस वर्षांची. मी वाचून विचारलं की आजचीच संध्याकाळ वेगळी का. आबा आधी हिब्रूत गुणगुणले आणि मग उत्तर मराठीत गाऊ लागले. चाल कीर्तनाची! विनयाबाई दचकल्याच. त्यांचे वडील गावोगाव येशूचं कीर्तन करायचे, ते याच चालीत. दुसऱ्या कडव्याला त्या ताटाच्या काठावर ठेका धरून होत्या, तिसऱ्याला गात होत्या. शब्द येत नव्हते तिथे नुसतं आ आ.

मेथीच्या जून पानांनी तोंड कडू झालं, खजुराने गोड झालं. एक पेला मात्र भरून तसाच ठेवला होता.

"हा कुणाचा?" गौरवने विचारलं.

"एलिया संदेष्ट्याचा. मसीहाच्या आधी तो यायचाय. त्याच्यासाठी दार उघडायचं असतं."

"आमच्या मते मसीहा येऊन गेलाय," विनयाबाई म्हणाल्या.

"आणि पुन्हा यायचाय ना तुमच्या मते? मग वाट तर दोघंही बघतोय. प्रणिता, उघड गं दार."

मी दार उघडलं आणि किंचाळलेच. समोर बेल शोधत, चौकटीवरच्या नळीवर बोट ठेवून राजाभाऊ ओहोळ उभे होते.

"या, एलिया!" आतून आबा ओरडले.

"मी... मी ओहोळ," राजाभाऊ म्हणाले. "ताईंनी मरियेचं काहीतरी विचारलं होतं. ते डोक्यातून जाईना. म्हटलं, बघून यावं काय करतात."

त्यांना बसवलं. भरलेला पेला त्यांना मिळाला नाही, तो संदेष्ट्याचाच राहिला, पण वेगळं सरबत मिळालं. फुलक्यात मेथी धरून खाल्ली आणि ते म्हणाले, "फार कडू आहे."

"गुलामी होती ती," आबा म्हणाले. "अजून घ्या."

राजाभाऊंनी अजून घेतली.

पुढच्या वर्षीपासून शुभ शुक्रवारच्या वाचनाआधी राजाभाऊ स्वतः उठून दोन वाक्यं सांगू लागले, की यात ज्यांना यहुदी म्हटलंय त्यांतच येशू आणि त्याची आईही आली, हे ऐकताना ध्यानात ठेवावं. दोनच वाक्यं, पण दरवर्षी, ऑफिसच्या नोटसारखी न चुकता.

आबा दोन हजार चार साली मुलाकडे इस्राएलमधल्या लोदला गेले. दोन वर्षांनी विनयाबाई आणि राजीवकाका एका यात्रा कंपनीबरोबर पवित्र भूमीला गेले. बाकीचे प्रवासी ज्या दिवशी यार्देन नदीत उतरून फोटो काढत होते, त्या दिवशी हे दोघं बस पकडून लोदला. आबांनी सगळ्या मजल्यावर ओरडून सांगितलं, दिल्लीची पाहुणी आलीय. शेजारच्या इमारतीतून एक म्हातारी काठी टेकत आली, नऊवारी नेसलेली, पेणची. तिने विनयाबाईंना खालवर न्याहाळलं.

"तुम्ही कोण? आपल्यातल्या का?"

"नाही हो. मी ख्रिस्ती."

म्हातारीने जरा विचार केला, मग खुर्ची पुढे ओढली.

"म्हणजे लांबच्या," ती म्हणाली. "बसा. जेवल्याशिवाय जायचं नाही."